नको तितकी सरळ रेघ

एक

“यंत्र कधीच खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस!”

हे वाक्य ज्या तोऱ्यात उच्चारलं गेलं, त्यावरून ते पुढेमागे कुठल्या तरी कोनशिलेवर कोरलं जाणार याबद्दल मला शंका उरली नाही. बोलणारा आमचा भाचा होता. धातूची पूड बनवायचा त्याचा कारखाना आहे, आणि मालक झालं की माणसाला अशी वाक्यं सुचतात. दुर्दैवाने त्याच्या पाठीमागे चहाचं यंत्र होतं. यंत्राच्या काचेवर ‘दूध संपले आहे’ अशी लाल अक्षरं झळकत होती आणि खालच्या तोटीतून दूध अखंड वाहत होतं. कप भरला, बशी भरली, टेबलाची कड ओलांडून दूध भाच्याच्या बुटात शिरलं, तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं.

“हे यंत्र वेगळं,” तो म्हणाला, आणि मोजा पिळायला लागला.

त्याने मावशीला तातडीने बोलावून घेतलं होतं. मावशी म्हणजे माझी बायको. त्याची ती मावशी, म्हणून कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणतात, आणि सोयीसाठी मीही इथे तेच म्हणणार आहे. घरी काय म्हणतो ते घरी.

मावशी वजनमापे खात्यात निरीक्षक होती. काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं, आतून पोकळ केलेली वजनं, तळाला मेण थापलेली मापं, असल्या गोष्टी हुडकण्यात तिची नोकरी गेली. निवृत्तीनंतर तिचं कार्यक्षेत्र घरापुरतं उरलं. साखरेचा डबा, गॅसची टाकी आणि मी, या तिघांची वजनं ती नियमाने तपासते. त्यातल्या पहिल्या दोघांची कमी भरतात.

“बुटाचं नंतर बघ,” मावशी म्हणाली. “झालंय काय ते सांग.”

झालं होतं ते असं. भाच्याकडे एक उंच टॉवर आहे. त्याच्या माथ्यावर धातू वितळवून त्याची बारीक धार खाली सोडतात आणि त्या धारेवर चहूबाजूंनी वायूचे फवारे मारतात. धार फुटते, तिचे थेंब होतात, थेंब पडता पडता गोठतात आणि तळाशी पिठासारखी पूड जमते. (पीठ म्हटलेलं भाच्याला आवडत नाही.) ही पूड घेऊन दुसरी एक कंपनी थरावर थर रचून माणसाच्या खुब्याचे कृत्रिम सांधे बनवते. पुडीचे कण ठरल्यापेक्षा जाड झाले तर सांध्यात पोकळ्या राहतात, आणि असा सांधा एखाद्या आजीच्या कमरेत बसवला तर त्या आजी जिन्यात असताना तो दगा देऊ शकतो.

परवा टॉवर चालला. पुडीवर नजर ठेवायला तळाशी लेझरचा सेन्सर बसवलेला आहे. कण केवढे पडताहेत ते तो पूड पडत असतानाच पडद्यावर रेघेने दाखवतो. परवा रेघ अथपासून इतिपर्यंत उत्तम होती. दोन पिंपं भरली. आणि काल चाळणीच्या खोलीतून निकाल आला की पूड जाड आहे.

“हा बघ तो निकाल.” भाच्याने एक कागद उचलला, हात लांब केला, मान मागे घेतली, आणि कागद माझ्याकडे सरकवला. “काका, तुम्हीच वाचा. माझा चष्मा कुठे मेलाय कोण जाणे.”

मी वाचलं. पूड खरोखरच जाड होती.

“पडदा म्हणतो बारीक, पिंपात निघते जाड,” भाचा म्हणाला. “म्हणजे टॉवरमधून चांगली पूड पडल्यावर कुणीतरी तीत टाकाऊ पूड मिसळली. कुणी, तेही मला ठाऊक आहे. टॉवरवाले तात्या! सेन्सर बसवला त्या दिवसापासून त्यांचं त्याच्याशी वाकडं आहे. ‘हा पडदा एक दिवस तुम्हाला तोंडघशी पाडेल’ असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. आता स्वतःच पाडायला निघाले. आज शिफ्ट सुटायच्या आत मी त्यांना कामावरून काढतोय. आणि का काढलं तेही गेटवर लावतोय.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

भाचा जरा घुटमळला. “आई म्हणाली, मावशीला विचारल्याशिवाय करू नकोस.”

एवढ्यात दार उघडलं. पिकल्या मिशांचा, काटक बांध्याचा एक माणूस आत आला. त्याने गळ्यातल्या दोरीतून एक किल्ली सोडवली आणि दुधाचं तळं चुकवून टेबलावर ठेवली.

“टाकाऊ पुडीच्या खोलीची किल्ली, साहेब. ही एकच आहे. आणि परवापासून ती माझ्या गळ्यातून निघालेली नाही. कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकतो.”

दोन

तात्या ते हेच.

आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः आणून देणारा संशयित मावशीने नोकरीत कधी पाहिला नसावा. तिने किल्लीकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमचा टॉवर दाखवा बघू.”

टॉवरच्या दालनात शिरायचं तर आधी शेजारच्या खोलीत डगला चढवावा लागतो. गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरा, मागून बंदांनी बांधायचा. माझ्या हातात पेपरमिंटची पुडी होती. मी डगला चाचपून पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

“याला खिसे कुठायत?”

“नाहीत,” तात्या म्हणाले. “पेन, किल्ली, नाणं, काहीतरी वाकताना पुडीत पडतं. एकदा साहेबांचंच पेन पडलं होतं. तेव्हापासून खिसे बंद.”

“मग सामान ठेवायचं कुठे?”

“गळ्यात नाहीतर हातात.”

पेपरमिंट गळ्यात बांधण्याजोगं नसल्यामुळे मी ते मुठीत धरलं. वर डोळ्यांना घट्ट बसणारे संरक्षक गॉगल चढवले. ते मला इतके चपखल बसले की गालाची हाडं आत गेल्यासारखी वाटली. मावशीने स्वतःचा चष्मा काढून माझ्या दुसऱ्या मुठीत दिला. लग्नाच्या नवऱ्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

दालन गार आणि शांत होतं. कालपासून भाच्याने टॉवर बंद ठेवून कशालाही हात लावायला मनाई केली होती. मधोमध टॉवर उभा होता, वर पाहिलं की मान अवघडेल इतका उंच. तळाशी पूड वाहून नेणारी जाड नळी, तिला फुटलेली एक बारीक नळी, आणि त्या बारीक नळीवर बसवलेली करड्या रंगाची डबी. तोच सेन्सर. त्याला एक लहानसा सपाट खण होता. शेजारच्या फळीवर एक काळी, हाताच्या पंज्याएवढी पेटी ठेवलेली होती आणि भिंतीवर पडदा होता.

“परवा काय झालं?” मावशीने विचारलं.

“दुपारपर्यंत मी वर धातू वितळवत होतो, तोवर काही नाही. खाली आलो आणि आवाज बदलला,” तात्या म्हणाले. “फवारा नीट असला की टॉवर शीळ घातल्यासारखा वाजतो. परवा तो घोरायला लागला. म्हटलं, वायूचं तोंड झिजलं असणार, थेंब जाड पडत असणार. मी साहेबांना फोन लावला. थांबवू का विचारलं.”

“मग?”

“साहेब म्हणाले, पडदा काय म्हणतो? म्हटलं, पडदा छान म्हणतो. मग झालं तर, म्हणाले.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

तात्यांनी मिशीला हात लावला. “बाई, खरं सांगायचं तर माझ्या कानाचीही पत राहिलेली नाही. आवाज ऐकून मी आजवर कितीदा तरी टॉवर थांबवलाय. एकदा खरंच बिघाड होता. एकदा शेजारच्या कारखान्याचा पंखा निघाला. एकदा तर मलाच सर्दी झाली होती. साहेब वैतागले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.”

“गळ्यात किल्ली होतीच तुमच्या. मिसळलीत का टाकाऊ पूड?”

“नाही.”

“कामावरून काढणार आहेत तुम्हाला.”

“काढू देत. निवृत्तीला आलोच आहे. यांच्या वडिलांनी मला इथे आणलं, टॉवरचा पाया खणला तेव्हापासून आहे मी. घरी बसायची भीती नाही.” त्यांनी गॉगल कपाळावर चढवले. “पण गेटवर कागद लागणार म्हणे. माझी नात रोज त्याच गेटवरून शाळेत जाते. तिला नुकतंच वाचता यायला लागलंय.”

बाहेर पडताना मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अहो, दोघांपैकी एकच खोटं बोलतंय. पूड नाहीतर पडदा. आधी पुडीची उलटतपासणी घेऊ.”

तीन

पुडीच्या वतीने बोलणाऱ्या बाईंना कारखान्यात चाळणीकाकू म्हणतात. त्यांच्या खोलीत पितळी चाळण्यांची उतरंड होती. वरची भोकं मोठी, खालची लहान, आणि सगळी उतरंड एका यंत्रावर थरथरत होती.

“मावशी, तुम्ही तपासाला आलात ना? मग मला आधी धरा,” काकूंनी स्वागत केलं. “सेन्सर नीट चालला की महिनाअखेर ही खोली बंद होणार आहे. पडदा खोटा ठरला तर सगळ्यात फायदा माझा. परवा टॉवर थांबला तेव्हा पिंपांपाशीही मीच होते.”

“इथे सगळेच आपणहून कबुलीजबाब द्यायला बसलेत की काय?” मी म्हणालो.

“साहेबांच्या ओरडण्यापेक्षा ते सोपं पडतं.”

मावशीने स्टूल ओढलं. “नमुना कसा काढलात?”

काकूंनी कोपऱ्यातली लांब पोकळ नळी दाखवली. ती पिंपात तळापर्यंत खुपसली की तळाची, मधली आणि वरची पूड वेगवेगळ्या कप्प्यांत येते. “नुसती वरची मूठ उचलून निकाल द्यायला मी काय मालक आहे?”

“मग काय निघालं?”

“पहिल्या पिंपात तळाशी सुरेख बारीक पूड. मध्ये किंचित जाड. वर आणखी जाड. दुसऱ्या पिंपात तळापासूनच जाड, आणि वर जाता जाता वाढतच गेलेली.”

“एकदम उडी कुठे नाही?”

“नाही ना! हळूहळू. सूर चढवत न्यावा तशी.”

मावशी खुदकन हसली. हे हसणं मी ओळखतो. साखरेच्या डब्यात मुंगी सापडली की ती अशी हसते.

“दुधात पाणी घालणारे मी ढिगाने पाहिलेत,” ती म्हणाली. “चोरून मिसळणारा माणूस घाईत असतो. ओततो आणि पळतो. मिसळलेलं कुठे गठ्ठ्याने सापडतं, कुठे मुळीच सापडत नाही. इतक्या हळुवार हाताने, तळापासून वरपर्यंत चढत्या क्रमाने कुणी मिसळत नाही. ही पूड मिसळलेली नाही. ती टॉवरमधूनच अशी पडलीय, आधी बारीक, मग जाड. तोंड झिजत गेलं तसतशी.”

“म्हणजे तात्या सुटले!” काकू म्हणाल्या.

“अजून नाही. पूड खरी बोलते एवढंच ठरलं. पडदा खोटा बोलला. आता त्याला खोटं बोलायला कुणी शिकवलं ते शोधायचं.” मावशी उठली. “तात्यांनाही ते जमलं असतं. दालनात दिवसभर तेच असतात.”

दारात भाचा उभा होता. मोबाइल हातभर अंतरावर धरून त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

“काकू, एवढा निरोप वाचा हो. कुणाचा आहे?”

काकूंनी वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. “सांधेवाल्या कंपनीचा. म्हणतात, परवा प्रत्यक्ष येऊन तुमचा पडदा पाहिला, फार आवडला. दोन्ही पिंपं घ्यायला गाडी निघालीय.”

चार

“परवा पाहुणे आले होते, हे तू बोलला नाहीस,” मावशी भाच्याला म्हणाली.

“त्यात बोलायचं काय? आले, टॉवर पाहिला, चहा प्याले, गेले. ते आले म्हणून काय पूड जाड होते?” भाचा काकूंकडे वळला. “गाडीला थांबायला सांगा हो कुणीतरी. नंबर मला दिसत नाहीये.”

आम्ही मोर्चा सेन्सरकडे वळवला. तो बसवणारी तरुण इंजिनिअर मुलगी कारखान्यात लेझरताई म्हणून ओळखली जाते. तिचा एक गाल सुजलेला होता, त्यामुळे ती जगाकडे कायम एका बाजूने रागावल्यासारखी बघत होती.

“दाढ काढली,” ती म्हणाली. “परवा दुपारी. मी इथे नव्हतेच. मला कुणी काही विचारू नये.”

“मला फक्त रेघा बघायच्यात,” मावशी म्हणाली. “आधीच्या दिवसांच्याही दाखव.”

लेझरताईने आपल्या टेबलावरच्या पडद्यावर जुन्या रेघा आणल्या. प्रत्येक रेघ बारीक थरथरत होती. कधी जरा वर, कधी जरा खाली, घाबरट माणसाच्या सहीसारखी.

“ही थरथर का?”

“कण सगळे एकसारखे थोडेच असतात? क्षणोक्षणी वेगळी पूड समोरून जाते. मी किती महिने ही थरथर कमी करायच्या मागे आहे. साहेबांना ती आवडत नाही. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणतात.”

“आता परवाची.”

परवाची रेघ पडद्यावर आली. सकाळभर ती नेहमीसारखी थरथरत होती. मग अचानक सरळ झाली. पट्टी लावून ओढावी तशी सरळ, थेट टॉवर बंद होईपर्यंत.

“सुंदर आहे ना?” लेझरताई हळवी होऊन म्हणाली. “मी दवाखान्यातून परत आले, ही रेघ पाहिली आणि दाढेचं दुखणंच विसरले. वाटलं, सकाळी मी जी सुधारणा केली ती लागू पडली.”

मावशीने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

“पोरी, मी एका दुकानात गेले होते. काटा इतका स्थिर की विचारू नकोस. वजन ठेवलं, काटा जागच्या जागी. उचललं तरी हलेना. दुकानदार म्हणाला, बघा बाई, आमचा काटा किती पक्का! मी तो उलटा केला. खाली दांडीला खिळा मारलेला होता.” तिने चष्मा पुसला. “खरा काटा आधी डुलतो, मग थांबतो. जिवंत माल समोर असला की काट्याला डुलावंच लागतं. तुझ्या सेन्सरच्या डोळ्यासमोर परवा दुपारी पूड नव्हतीच.”

लेझरताईचा सुजलेला गालसुद्धा उतरल्यासारखा वाटला.

“पण... मग काय होतं?”

“ते तू सांग. कशाकडे पाहिलं की तुझी रेघ इतकी सरळ येते?”

“फक्त नमुना-काचेकडे,” ती सावकाश म्हणाली. “तिच्यावर ठरावीक मापाचे ठिपके कोरलेले असतात. सेन्सर बरोबर आहे ना हे बघायला ती खणात घालून खण आत सरकवायचा. मग बारीक नळी बंद होते आणि सेन्सरला ठिपकेच दिसतात. ठिपके हलत नाहीत, म्हणून रेघही हलत नाही. पण आठवड्याच्या सुरुवातीलाच फक्त ती लावतात. आणि लावली की लगेच काढायची असते.”

“खण आत आहे हे पडद्यावर कळत नाही?”

“तशी खूण घालूया असं मी म्हणाले होते. साहेब म्हणाले, पडदा आधीच फार गजबजलाय.”

“आता काच कुठे आहे?”

“पेटीत. मलाही काल शंका आली होती, म्हणून बघितलं मी.”

“उघडून?”

“कशालाही हात लावायचा नाही असा हुकूम होता. जाता जाता नुसती हलवली. आत काच वाजली. म्हणजे आहेच की.”

मावशीने माझ्या हातावर टिचकी मारली. मुठीतलं पेपरमिंट एव्हाना विरघळून बोटं चिकटली होती.

“अहो, सगळ्यांना टॉवरपाशी बोलवा,” ती म्हणाली. “पेटीत काच वाजते हे खरं. कुठली काच, ते बघूया.”

पाच

सगळे डगले घालून टॉवरभोवती उभे राहिले. सारखे पांढरे डगले आणि सारखे गॉगल यांमुळे कोण मालक आणि कोण संशयित हे ओळखणं कठीण झालं होतं. तात्या मात्र ओळखू येत होते. ते जरा बाजूला उभे होते, निरोप घ्यायला आल्यासारखे.

“आधी खण,” मावशी म्हणाली.

लेझरताईने सेन्सरचा खण धरून अलगद बाहेर ओढला. त्यात ठिपक्यांची चौकोनी काच होती. गाडी निघून गेल्यावरही फलाटावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी निवांत बसलेली.

“परवा दुपारपासून ही इथेच आहे,” मावशी म्हणाली. “टॉवर पूड पाडत होता आणि सेन्सर हिच्याकडे बघून ‘वा वा’ म्हणत होता. तात्यांच्या कानाने बरोबर ऐकलं, पण त्यांनाही पडद्यावरची ‘वा वा’च दिसली.”

“म्हणजे कुणीतरी मुद्दाम काच घातली!” भाचा गरजला. “तेच तर मी म्हणतोय! दालनात दिवसभर कोण असतं? तात्या!”

“थांब जरा. काच इथे आहे, तर पेटीत काय वाजतं?”

मावशीने फळीवरची काळी पेटी उचलली, कानाशी धरून हलवली. आत काचेचा नाजूक आवाज झाला. मग तिने खटका दाबला. पेटीला आतून जांभळं मखमली अस्तर होतं, आणि त्या मखमलीवर, बारीक सोनेरी कडांचा, दोन्ही काड्या नीट दुमडलेला एक चष्मा होता.

“अरे!” भाच्याचा चेहरा खुलला. “सापडला! माझा चष्मा! मी सगळं घर उलथंपालथं केलं...”

दालनात इतकी शांतता झाली की टॉवर चालू असता तर शीळ घालतो का घोरतो ते मलासुद्धा कळलं असतं.

“परवा पाहुण्यांना तूच टॉवर दाखवलास ना?” मावशीचा आवाज अगदी घरगुती होता. “आमचा सेन्सर किती अचूक आहे ते दाखवतो म्हणालास. पेटीतून काच काढलीस, खणात घातलीस, रेघ सरळ झाली, पाहुण्यांनी माना डोलावल्या.”

“टाळ्यासुद्धा वाजवल्या,” भाचा क्षीणपणे म्हणाला.

“पण बारीक ठिपके बघायला तू चष्मा लावला होतास आणि गॉगल कपाळावर चढवले होतेस. काम झाल्यावर गॉगल खाली ओढायचे, तर चष्मा काढायला हवा. चष्मा हातात आला. समोर मखमलीची पेटी उघडी. डगल्याला खिसा नाही. हाताला जन्माची सवय, चष्मा काढला की मखमलीत ठेवायचा आणि झाकण दाबायचं. पेटी मिटली, म्हणजे काच परत ठेवली असं तुझ्या मनाने घेतलं. मग तू पाहुण्यांना घेऊन चहाला गेलास.”

“मावशी, तुला... तुला केव्हा कळलं?”

“रेघ पाहिली तेव्हा काच कळली. माणूस कळायला वेळ लागला नाही. इथे चष्मा हरवलेला तू एकटाच आहेस. सकाळपासून कागद हातभर लांब धरून तूच हिंडतोयस.” तिने चष्मा उचलून त्याच्या हातात दिला. “लाव. आणि पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलीय, ती मोठ्याने वाच. अक्षर बारीक आहे. मला दिसत नाही.”

तिला सगळं दिसत होतं. पण भाच्याने निमूटपणे गॉगल वर केले, चष्मा लावला आणि वाचलं,

“‘नमुना-काच वापरून होताच खणातून काढून पेटीत ठेवावी. हयगय करणाऱ्यास तात्काळ कामावरून काढण्यात येईल. हुकुमावरून.’”

“कुणाच्या हुकुमावरून?”

भाच्याने चष्म्याच्या वरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं. दोन्हीकडून उत्तर तेच होतं.

“माझ्या.”

चाळणीकाकूंना त्याच क्षणी जोराचा खोकला आला. लेझरताई तोंडावर हात धरून पाठमोरी झाली, बहुधा दाढ दुखत असावी. मी पेपरमिंट तोंडात टाकलं. बोलायचं नसलं की ते उपयोगी पडतं.

आता भाच्याच्या बाजूने एक सांगायलाच हवं. माणूस फुशारक्या मारतो, पण मनाचा खोटा नाही. तो तात्यांसमोर जाऊन उभा राहिला. गॉगल कपाळावर, चष्मा नाकावर, डोळे चष्म्याच्या आत ओले.

“तात्या, तुम्ही मला फोन केला होतात. मी ऐकलं नाही. वर तुमच्यावर आळ घेतला. बाबा असते तर त्यांनी मलाच गेटवर टांगलं असतं.” त्याने नाक ओढलं. “पिंपं कुठेही जाणार नाहीत, सगळी पूड पुन्हा वितळवू. सांधेवाल्यांना खरं काय ते मी स्वतः सांगतो. पडद्यावर खणाची खूण येईल. चाळणीची खोली बंद होणार नाही. आणि गेटवर कागद लागेलच, पण त्यावर चूक कुणाची ते लिहिलेलं असेल. माझी!”

“मोठ्या अक्षरांत लिहा,” तात्या म्हणाले. “माझी नात अजून जोडून जोडून वाचते.”

“लिहितो! आणखी काय हवं ते मागा, तात्या. संकोच करू नका. इतकी वर्षं तुम्ही या टॉवरला दिलीत. आज मागाल ते देईन. सगळ्यांसमोर शब्द देतो!”

काकूंचा खोकला थांबला. लेझरताई पुन्हा आमच्याकडे वळली. टॉवरसुद्धा किंचित पुढे झुकल्यासारखा वाटला. तात्यांनी किल्लीची दोरी पुन्हा गळ्यात अडकवली, मिशीवरून हात फिरवला आणि बराच विचार केला.

“काहीही मागू?”

“काहीही!”

“मग साहेब, तुमच्या डगल्याला तेवढा एक खिसा शिवून घ्या,” तात्या म्हणाले. “लहानच. चष्म्यापुरता.”